शिवेवरचा चोपन्नावा दगड

हिर्शलोह, ६ ऑगस्ट १८४८

किलियन,

अकरा वर्षांनी माझं अक्षर बघून कागद चुलीत घालायला निघाला असशील, तर थांब. आधी वाच, मग घाल. कागद काय, कधीही जळतो.

तुझा ठावठिकाणा एका तराफेवाल्याकडून लागला. म्हणाला, बांबेर्गला लाकडाच्या वखारीत आहे, केस पिकलेत, पण मुकादमाला अजून घाबरत नाही. मी म्हटलं, मग आमचाच किलियन. तुझी बायको वाल्बुर्गा गेल्याचंही त्यानं सांगितलं. खरं म्हणजे मला ते तेव्हाच कळलं होतं. दोन ओळी लिहायला हव्या होत्या. राहिल्या.

इकडे सगळं उलटंपालटं झालंय. मार्चमध्ये जिकडेतिकडे लोक उठले, तेव्हा आपलेही कोयते-फावडी घेऊन फॉन लिंडेनाखांच्या गढीवर गेले. बॅरनसाहेब म्युनिकला. म्हाताऱ्या कारभाऱ्यानं किल्ल्या बाहेर फेकल्या आणि आत जाऊन प्रार्थना करत बसला. लोकांनी वेठीची, खंडाची बाडंच्या बाडं काढून चौकातल्या झाडाखाली जाळली. सगळ्यात पुढे कोण, तर माझा जावई, पाणचक्कीवाला वेंडेल! त्या बाडांत शिवेचा जुना नकाशाही होता. आग बघून नाचणाऱ्यांना नकाशा कुठला दिसतोय?

आणि आता राजानं कायदाच काढलाय. एक ऑक्टोबरपासून सरदारांची न्यायालयं बंद. दोनशे वर्षं या घराण्याच्या न्यायालयानं आपल्या तीन गावांचं आणि एका पाणचक्कीचं बरंवाईट ठरवलं. लग्नाची परवानगी त्यांची, शेजाऱ्याच्या कुरणात घुसलेल्या गायीचा निवाडा त्यांचा, लाकडी खोड्यात कोणाला बसवायचं तेही त्यांनीच ठरवायचं. आता सगळं सरकारच्या ताब्यात जाणार. न्यायाधीश झाइडलसाहेबांना जाता जाता या न्यायक्षेत्राचा इतिहास लिहून द्यायचाय, आणि कागद तर राख झालेत. म्हणून मला बोलावतात. बीअरच्या भट्टीवरच्या त्या खोलीत बसून मी सांगतो, ते लिहितात. मोठ्या लढाईत पहिल्या लिंडेनाखानं बिशपला चाळीस घोडे दिले, त्या बदल्यात हे न्यायालय मिळालं. शिवेवर त्र्याऐंशी दगड, आतल्या बाजूला घराण्याचं चिन्ह, झाडाचं पान, बाहेरच्या बाजूला तेव्हा बिशपचं चिन्ह, आता राजाचं. तुला काय सांगतोय मी! आपण दोघांनी मिळून ते दगड किती वेळा फिरून पाहिले.

हां, एक गोष्ट. ओढ्यापलीकडच्या उत्झनं तक्रार केलीय, की वेंडेलनं चोपन्नावा दगड चार पावलं सरकवून त्याचं कुरण लाटलं. झाइडलसाहेबांनी वेंडेलला कोठडीत टाकलंय. पोरगी माझी, लोनी, रडून रडून अर्धी झाली.

चोपन्नावा म्हणजे पाणचक्कीच्या ओढ्याकाठचा. सदतीस सालच्या पुरात आडवा झाला होता, आपण दोघांनी परत उभा केला. आठवतो का, एवढंच विचारायचं होतं. तेवढं कळव.

लोरेंझ


हिर्शलोह, २० ऑगस्ट १८४८

किलियन,

टपाल पोचलं नसेल, असं धरून चालतो.

झाइडलसाहेबांनी दगड खणायचा हुकूम दिलाय. सत्तावीस सप्टेंबर, बुधवार, दोन्ही बाजूंच्या लोकांसमोर. नकाशा जळल्यावर दुसरा पुरावाच उरला नाही. साहेब शहरातले, त्यांना आपल्या सातजणांची रीत कशी ठाऊक असणार? परवा मलाच समजावून सांगावी लागली.

मी म्हटलं, "साहेब, गावानं निवडलेले आम्ही सातजण. शिवेचा दगड आमच्याशिवाय कोणी बसवायचा नाही, उचलायचा नाही. बसवताना खाली आम्ही खूण ठेवतो. तेव्हा बाकीच्यांनी पाठ फिरवायची. खूण सापडली तर दगड मूळ जागी आहे. नाही सापडली तर कोणीतरी सरकवलाय."

"खूण म्हणजे काय असतं?"

"ते नाही सांगता येणार."

"लोरेंझ, मी या न्यायालयाचा न्यायाधीश आहे!"

"साहेब, मी बायकोला सांगितलेलं नाही, आणि ती तुमच्यापेक्षा कडक आहे."

हसले. मीही हसलो. पण घरी येताना वाटेत दोनदा मागे वळून पाहिलं, किलियन. कारण चोपन्नाव्या दगडाखाली खूण नाही, हे जगात दोनच माणसांना माहीत आहे. एक मी, दुसरा तू.

वेंडेलनं दगडाला बोटही लावलेलं नाही. तो तोंडाळ आहे, मार्चमध्ये त्यानं मूर्खपणा केला, पण चोर नाही. तरी खाली रिकामं निघालं की संपलं. कागद वरच्या कोर्टात जातील आणि चार वर्षं सक्तमजुरी ठरलेली. चक्की जाईल. लोनी दोन लेकरं घेऊन कुठे जाणार?

तू म्हणशील, गुपचूप जाऊन ठेव की खूण. ते मला सुचलं नसेल का? झाइडलसाहेबांनी तक्रार आल्याच दिवशी तिथे खोपट बांधून कोर्टाचा शिपाई बार्थेल बसवलाय. तो दिवसभर पाइप ओढतो, पण डोळे उघडे ठेवून ओढतो. आणि ताजी उकरलेली माती कोणापासून लपते?

एकच वाट आहे. तू लिहून दे, की सदतीस साली दगड तू बसवलास आणि खूण ठेवायची तू विसरलास. बस. वेंडेल सुटेल. तुझं काय जाणार आहे? तुला सातजणांनी आधीच काढलंय. (त्यात माझं एकट्याचं मत नव्हतं, हे लक्षात ठेव.) तू इथे राहत नाहीस, इथे कोणाला तोंड दाखवायचं नाही तुला. भिजलेल्याला पावसाचं काय भय?

विचार कर. लोनी लहान असताना तुझ्या खांद्यावर बसून जत्रेला जायची, एवढं आठव आणि लिही.

लोरेंझ


हिर्शलोह, १० सप्टेंबर १८४८

किलियन,

पाच आठवडे झाले. मी रोज टपालगाडीची वाट बघत चौकात उभा असतो. लोकांना वाटतं, म्हातारा राजकारणाच्या बातम्यांसाठी आला. बरंच आहे.

रविवारी लोनीबरोबर कोठडीत गेलो. तिनं वेंडेलसाठी बटाट्याचे गोळे आणि आंबट कोबी नेला होता. पठ्ठ्या मजेत जेवत होता! मला म्हणतो, "सासरेबुवा, तुम्ही का सुकत चाललात? खणेनात का! दगडाला मी हात लावलेला नाही, खूण खाली असणारच. आणि बसवलाय कोणी, तर तुम्ही. तुमच्या हातच्या कामाला कोण नाव ठेवणार?"

लोनी लगेच म्हणाली, "तेच सांगते मी बाबांना. जेवतसुद्धा नाहीत नीट."

मी खोकल्याचं निमित्त करून बाहेर पडलो.

क्रिस्टेलचं तर बघवत नाही. लोनीची थोरली, सहा वर्षांची. गल्लीतली कार्टी तिला चिडवतात, दगड सरकवणाऱ्याचं भूत होतं, तुझा बाप मेल्यावर पेटता दगड खांद्यावर घेऊन शिवेवरून फिरणार, 'कुठे ठेवू, कुठे ठेवू' ओरडत! काल मला विचारते, "आजोबा, दगड पेटलेला असला तर बाबांचे हात भाजतील ना?" मी म्हटलं, असं काही नसतं गं. पण असतं की नाही, कोणाला ठाऊक? तो दगड कोणाच्या खांद्यावर बसायला हवा, ते मला चांगलं माहीत आहे.

मागच्या पत्रात मी 'तू विसरलास' असं लिहिलं. ते वाचून तुझं डोकं फिरलं असेल. बरं, ऐक. खुणेची पिशवी मी विसरलो. 'कार्प' नावाच्या खानावळीच्या बाकावर राहिली. पाऊस कोसळत होता, ओढा चढत होता, परत जायचा मला कंटाळा आला. मी म्हणालो, आज दगड उभा करू, खूण उद्या ठेवू. तू म्हणालास, "लोरेंझ, रिकामा दगड म्हणजे खोटा साक्षीदार." मी म्हणालो, "मोठा आलास पाद्री!" सगळं आठवतंय मला. झालं समाधान?

मग उद्या म्हणता म्हणता गवत कापणी आली. पंधरा दिवस तू रोज सकाळी कुंपणाशी यायचास, "चल, काम पुरं करू." मी रोज म्हणायचो उद्या. मग एक दिवस तू विचारायचं थांबवलंस. ते मला जास्त झोंबलं. इतके दिवस मागे लागलेला माणूस एकदम गप्प होतो, म्हणजे तो दुसरीकडे कुठेतरी बोलायला निघालाय, असं माझ्या मनानं घेतलं. आपला तेव्हाचा मुख्य एन्ड्रेस, त्याचे गुडघे गेले होते, त्याच्या जागी सातजणांचा मुख्य म्हणून त्या शरद ऋतूत तुझं किंवा माझं नाव लागणार होतं. तू त्याच्या कानाशी लागलास तर मी संपलो, असं वाटलं. खाई त्याला खवखवे, दुसरं काय.

म्हणून मी आधी गेलो. काय सांगितलं ते तुला माहीतच आहे. भाकरीच्या सार्वजनिक भट्टीपाशी वाल्बुर्गाच्या तोंडून खुणेचा उल्लेख ऐकला, म्हणजे नवऱ्यानं शपथ मोडून तिला सांगितलं असणार. ऐकला असेन मी. बायका बोलतात. अकरा वर्षांनी कोणाला नक्की काय आठवतं?

सतरा दिवस राहिले. एक ओळ लिही रे. तुझ्या पाया पडतो.

लोरेंझ


हिर्शलोह, २२ सप्टेंबर १८४८

किलियन,

तुझं पत्र आलं. एवढ्या मोठ्या कागदावर दोन शब्द. 'खणू दे.' खाली सही.

मी चौकात उभ्या उभ्या वाचलं आणि खाली पायरीवर बसलो. बेकरीवाली पाणी घेऊन आली. तिला सांगितलं, ऊन लागलं. सप्टेंबरात ऊन!

अरे, माणूस आहेस की कोण? खणू दे म्हणजे वेंडेल जाऊ दे, लोनी रस्त्यावर येऊ दे, लोरेंझची फजिती होऊ दे. आणि तू वखारीत ओंडक्यावर बसून ऐकणार. बरोबर आहे. अकरा वर्षं वाट बघितलीस, आता तुझी पाळी. माझ्यावर काय तो राग काढ, पण त्या पोरीनं तुझं काय घोडं मारलंय?

तुझ्या जागी मी असतो तर असंच केलं असतं. ते जास्त लागतं.

तू म्हणत असशील, एवढं आहे तर स्वतः कबूल का करत नाहीस? केलं असतं. पण कोण विश्वास ठेवेल? जावयाला वाचवायला सासरा आपल्या अंगावर घेतोय, असंच म्हणतील. हे खरं कारण आहे. दुसरंही आहे आणि तेही खरंच आहे. अकरा वर्षं सातजणांचा मुख्य म्हणून लोक मला बघून टोपी काढतात. झाइडलसाहेब माझ्या शब्दावर या न्यायक्षेत्राचा इतिहास लिहितात. काल विचारत होते, पहिला लिंडेनाख इथला न्याय कुठे बसून करायचा. मी सांगितलं, उघड्यावर, झाडाखाली, आणि खोटी साक्ष देणाऱ्याची दोन बोटं तिथेच तोडायचे. साहेबांनी लिहून घेतलं. माझी बोटं मी टेबलाखाली घेतली.

रात्र-दिवस एकच विचार. आता मी माझी काय ती व्यवस्था केलीय. विचारू नकोस. तुझ्या केसालाही धक्का लागणार नाही. तू तिकडे, इथे फक्त तुझं नाव. आणि नावाचं म्हणशील तर ते आधीच गेलेलं आहे.

देवाला काय वाटायचं ते वाटो.

लोरेंझ


हिर्शलोह, ३० सप्टेंबर १८४८

किलियन,

हे पत्र एन्ड्रेसच्या मुलाच्या हाती पाठवतोय. मला लिहायचा हक्क उरला नाही, पण बुधवारी काय झालं ते तुला दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं.

सकाळी चार घोड्यांच्या गाडीतून सरकारचा अधिकारी आला. तिन्ही गावं ओढ्यावर लोटली होती, कोणी तर आलुबुखारांच्या टोपल्याच घेऊन आले होते, जत्रेला आल्यासारखे. वेंडेलला दोरखंडानं बांधून आणलं. लोनी दोन्ही पोरांना घट्ट धरून उभी. तिनं मला बघून मान हलवली, काळजी करू नका अशी. माझी काळजी! माझ्या खिशात कागद होता.

तुझ्या नावाचा कागद. मीच लिहिलेला. सहीसाठी तुझं दोन शब्दांचं पत्र समोर ठेवून आठ वेळा गिरवली. तीच ती व्यवस्था.

खणायला सुरुवात करणार एवढ्यात मी पुढे झालो आणि झाइडलसाहेबांना म्हटलं, हे आताच टपालानं आलंय, आधी वाचलं पाहिजे. त्यांनी मोठ्यानं वाचलं. 'सदतीस साली हा दगड मी बसवला. खूण ठेवायची मी विसरलो. मला माफ करा. किलियन.'

गर्दीत कुजबुज झाली. मग कोणीतरी ओरडलं, "पोटात गोष्ट ठेवता येईना, आणि दगडाखाली खूणही ठेवता येईना!" सगळे हसले. मीही हसलो, किलियन. थोडंसंच, पण हसलो. ते तुला सांगायलाच हवं.

सरकारी अधिकारी म्हणाला, "मग खणायचं कशाला?" तिथेच संपलं असतं. पण झाइडलसाहेब म्हणाले, "उद्या-परवा हे न्यायालय बंद होणार. शेवटचं काम अर्धवट ठेवून नाही जायचं मला. खणा."

मी वेंडेलचा सासरा, म्हणून मला खड्ड्यापाशी जायची मनाई. बाकीचे सहाजण गेले, एन्ड्रेस काठी टेकत टेकत. "पाठ फिरवा!" असा त्याचा आवाज आला आणि अख्ख्या गावाबरोबर मीही पाठ फिरवली. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. आपण लोकांना किती सहज पाठ फिरवायला लावायचो! तसं उभं राहिलं की काय होतं ते तेव्हा कळलं. पहार दगडाला लागल्याचा आवाज ऐकू येतो, माती पडल्याचा येतो, माणसांचा मात्र येत नाही. मी समोरच्या पाणचक्कीच्या चाकाची पाती मोजत होतो. बावीसपर्यंत मोजलं की चुकायचो.

किती वेळ गेला कोण जाणे. मग एन्ड्रेस म्हणाला, "खूण आहे."

मला वाटलं, कानात काही झालं.

"खूण आहे, जिथे असायला हवी तिथे आहे. हा दगड कधीच सरकवलेला नाही. वेंडेलचे दोर सोडा."

लोनीनं किंकाळी फोडली, आनंदाची. बार्थेलनं दोर कापले. उत्झ पचकन थुंकला आणि आपल्या लोकांत शिरला. क्रिस्टेल बापाचे दोन्ही तळवे उघडून बघत होती. सगळे रडत होते, मिठ्या मारत होते, आणि मी खांबासारखा उभा. खूण आहे? कशी आहे? पिशवी तर मी दुसऱ्या दिवशी खानावळीतून उचलून घरी टांगली होती.

मग झाइडलसाहेबांनी कागद वर धरला. "खूण जर आहे, तर हा माणूस विसरलो असं का लिहितो?"

एन्ड्रेस खड्ड्यातून वर आला, हातांना माती. माझ्याकडे बघून बोलला, पण आवाज सगळ्या गावाला ऐकू जाईल असा. "साहेब, खूण कशी ठेवलीय ते सांगणार नाही. पण प्रत्येकाच्या ठेवण्याला एक वळण असतं, आणि आम्हा सातजणांत डावखुरा एकच होता. खालची खूण किलियनच्या हातची आहे. ती त्यानं ठेवली. मग विसरलो असं तो का लिहील? हा कागद लिहिला कोणी, लोरेंझ?"

याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण! मी नुसता गप्प बसलो असतो, तर दुपारी लोनीकडे आलुबुखारांचा केक खाऊन सुखानं झोपलो असतो. तू दोन शब्दांत सगळं सांगितलं होतंस. मला ते वाचताच आलं नाही. मी तुला माझ्याच मापानं मोजत होतो.

मग मी सगळं सांगितलं. पिशवी, पाऊस, उद्या, कागद. आणि भट्टीपाशी मी काहीही ऐकलं नव्हतं, हेही. वाल्बुर्गानं त्या दिवशी मला फक्त एवढंच विचारलं होतं, लोनीचा खोकला गेला का? उपरती झाली म्हणून बोललो, असं समजू नकोस. पकडला गेलो म्हणून बोललो.

कोणी शिवीसुद्धा दिली नाही. लोक बाजूला झाले, गाडीला वाट देतात तसे. लोनी जवळ आली. मला वाटलं, काही बोलेल. म्हणाली, "वाल्बुर्गामावशीनं माझी पहिली वेणी घातली होती, बाबा." आणि गेली. आज चौथा दिवस, चक्कीचं दार माझ्यासाठी उघडलेलं नाही. वेंडेल कुंपणापाशी येऊन म्हणाला, "थोडे दिवस जाऊ द्या." ज्याला मी बुडवणार होतो, तोच मला धीर देतो.

सातजणांनी मला काढलं. झाइडलसाहेबांनी काल शेवटचा निकाल लिहिला आणि मला वाचून दाखवला: हिर्शलोहच्या किलियनला सदतीस साली खोट्या आरोपावरून काढलं, तो निर्दोष आहे, त्याची जागा त्याला परत. फॉन लिंडेनाखांच्या न्यायालयाच्या दोनशे वर्षांच्या इतिहासात शेवटची ओळ तुझी आहे. खाली शिक्का मारून साहेबांनी तो शिक्का सरकारी अधिकाऱ्याच्या हातात दिला. मी सांगितलेला बाकीचा इतिहास त्यांनी फाडला नाही, पण माझं नाव खोडलं. योग्यच केलं. माझ्यावर खटला पुढच्या महिन्यात, राजाच्या कोर्टात. चालेल.

एन्ड्रेस स्वतः तुला आणायला यायचं म्हणतो. गुडघ्यांनी येववत नाही म्हणून मुलाला पाठवतोय. त्याच्याबरोबर ये. मी रस्त्यात येणार नाही, सणाला येणार नाही, चर्चमध्ये मागच्या बाकावर बसेन.

सोळाव्या दिवशी तू विचारायचं का थांबवलंस, ते आता कळलं. तू एकटाच गेलास, आपली स्वतःची खूण घेऊन. एकट्यानं दगड उचलायचा नाही ही शपथ मोडलीस, माझी चूक झाकायला. मी एन्ड्रेसकडे तुझ्यावर आळ घेतला, तेव्हा एका वाक्यात सुटला असतास. चोपन्नावा उचला, खाली माझ्या हातची खूण निघेल; आपली चूक झाकायला तो खोटं बोलतोय. पण मग तो रिकामा कोणी बसवला होता, हे बाहेर आलं असतं. तू टोपी घातलीस आणि बायकोला घेऊन गाडीत बसलास. तुझ्या पोटात काही राहत नाही म्हणून आम्ही तुला घालवलं, आणि तू माझी गोष्ट अकरा वर्षं पोटात ठेवलीस.

एकच विचारतो, उत्तर दिलं नाहीस तरी चालेल. हे सगळं वाल्बुर्गाला माहीत होतं का? मला वाटतं, शपथ म्हणून तू तिलाही सांगितलं नसशील. म्हणजे भट्टीपाशी आपल्याच तोंडून काहीतरी निसटलं आणि नवऱ्याचं नुकसान झालं, असंच समजत ती गेली असेल.

लोरेंझ